बापाची निळी, नवऱ्याची तपकिरी

रायपुरात इटलीच्या जुन्या सायकली तपासून कोणाचं पोट भरतं का, असं मला नागपूरचे नातेवाईक लग्नकार्यात विचारतात. नाही भरत. पोटाची सोय नोकरीनं आधीच करून ठेवली आहे. हे काम मी निवृत्तीनंतर धरलं, तेही कुणीतरी एकदा ‘काका, जरा बघून सांगा’ म्हणालं म्हणून. आता समता कॉलनीतल्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये स्कूटर मावत नाही, आणि पाहुण्यांनी चपला कुठं काढायच्या हे सांगताना बायको ‘त्या चाकाच्या पलीकडे’ म्हणते.

नोकरी होती शहराबाहेरच्या एका रोलिंग मिलमध्ये, माल तपासणीच्या खात्यात. तापून लाल झालेली लोखंडाची लगड रोलांमधून काढत तिची सळई किंवा पट्टी करायची, हे मिलचं काम. ती थंड झाली की तिच्यात भेग शोधायची, हे माझं. भेग सापडली की मालावर लाल पट्टा मारायचा. आणि नुसता पट्टा मारून भागत नसे. क्रेनची साखळी किंवा हूक रद्द केला, तर तो तिथल्या तिथं कापून त्याचे दोन तुकडे करायचे, असा आमच्याकडे दंडक होता. कारण आख्खा राहिलेला खराब हूक आज ना उद्या कुणीतरी घाईत उचलतोच, आणि त्याच्याखाली माणसं असतात.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. तुमसरच्या शाळेत मला विज्ञान घ्यायला लावलं ते आमच्या सरांनी, वडिलांना फाटकावर गाठून, तासभर समजावून. बी.एस्सी. झालो तेव्हा विहारात माझा सत्कार झाला आणि वडील सगळ्यांत मागे उभे राहिले, कारण पुढे बसायची त्यांना सवय नव्हती. त्या पदवीनं मला भेगा बघायला शिकवलं. दुसरं काही मोठं मी केलेलं नाही, पण ज्या हुकांवर मी सही केली त्यांच्याखालून माणसं घरी गेली. एवढ्याबद्दल सरांचे आणि वडिलांचे उपकार मी रोज मानतो.

आता इटलीचं. आमच्या भागातल्या काही मिलची यंत्रं तिकडून आली. यंत्रांबरोबर इंजिनियर आले, महिनोनमहिने राहिले, आणि त्यांतल्या एकदोघांनी येताना आपल्या सायकली आणल्या. जाताना त्या कुणाला तरी देऊन गेले. हल्लीच्या तरुणांनी तेलीबांध्याच्या तळ्याभोवती कार्बनच्या सायकली फिरवून झाल्या, आता त्यांना जुनी लोखंडी सायकल हवी असते. चांदीसारखे चकचकीत जोड, बारीक नळ्या, गियरचे दांडे खालच्या नळीवर. पुण्याहून, बंगळुरूहून मागवतात. विकत घेण्याआधी दाखवायची ती घेतल्यानंतर दाखवतात. एक गृहस्थ गाडीच्या रंगाला जुळते म्हणून फ्रेम घेऊन आले होते. दुसऱ्यानं रंग काढायला ती गेट-ग्रिल घासणाऱ्याकडे दिली. गेटसाठी वापरतात त्या जाड वाळूच्या फवाऱ्यानं त्यानं ती इतकी घासली, की नळी अंगठ्यानं दबत होती. मी त्यांना म्हटलं, ‘रंग छान निघालाय.’ दुसरं काय म्हणणार?

अशा सायकलींतून निवडायचं कसं, हे थोडक्यात सांगतो. या सायकलीची नळी सगळीकडे सारखी जाड नसते. जिथं जोड असतो त्या टोकांना जाड, मधे पातळ. जाडी आतून बदलते, बाहेरून दिसत नाही. वजन वाचतं ते तिथं, आणि धोका असतो तोही तिथंच. पहिल्यांदा फ्रेम सरळ आहे का ते बघायचं. मागच्या चाकाच्या खाचेतून दोरी बांधून ती पुढच्या उभ्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायची, आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. सारखं असलं तर फ्रेम सरळ. मग पॅडलच्या धुऱ्याचे आटे बघायचे. इतर बहुतेक देशांच्या सायकलींत उजवीकडचा आटा उलटा असतो, इटलीच्या सायकलीत दोन्हीकडचे आटे एकाच दिशेनं फिरतात. स्टिकर कुणीही चिकटवतो, आटे कुणी बदलत नाही. आणि सगळ्यांत शेवटी भेगा.

नाही म्हणणं या कामात सोपं आहे. नाही म्हटलेल्या सायकलीवरून कुणी पडत नाही. हो म्हणणं अवघड. मी सांगणार आहे ती गोष्ट त्या ‘हो’ची आहे.

गेल्या हिवाळ्यात रश्मी साहू माझ्याकडे आली. तेलीबांध्याला राहते, शाळेत गणित शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी लोक उठायच्या आत सायकलवर निघून धमतरीपर्यंत जाऊन येते. माहेरची गजभिये. तिचे वडील ताराचंद गजभिये माझ्याच मिलमध्ये फिटर होते, माझ्याहून पुष्कळ मोठे. त्यांनी लावलेल्या साखळ्या मी तपासायचो, आणि मी तपासतोय म्हटल्यावर ते ओठ मुडपून उभे राहायचे. आमची ओळख अशी बरीच जुनी आणि थोडी खरखरीत.

रश्मीच्या गटानं जगदलपूरला जाऊन यायचं ठरवलं होतं, फक्त जुन्या लोखंडी सायकलींवर. जाताना केशकालचा घाट चढायचा, येताना तोच उतरायचा. घाटात एकामागून एक अशी वळणं आहेत की ट्रकसुद्धा दबकत उतरतात. तिथं पुढची नळी तुटली तर काय होईल, हे मला सांगायला नको आणि तुम्हांला ऐकायला नको.

तिच्याकडे सायकली दोन होत्या, आणि त्या दोन्ही घेऊन एका छोट्या मालगाडीतून तीन माणसं आली. ती स्वतः, तिचा नवरा राजेश साहू, आणि गजभियेभाऊ. राजेश छत्तीसगढी, मराठी समजतो, बोलतो हिंदीत. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण गजभियेभाऊ जावयाशी थेट बोलत नसत. मधे कुणीतरी लागे.

“जय भीम, मेश्रामसाहेब,” भाऊ पोर्चमध्ये पाय ठेवताच म्हणाले. “बसायले खुर्ची हाय का, का तीबी तुम्ही रद्द केली?”

“जय भीम, भाऊ. बसा. चहा टाकायला सांगतो.”

“टाका. आज वेळ हाय माह्यापाशी.”

मला त्यांच्यापाशी वेळ नसता तर बरं वाटलं असतं.

निळी सायकल त्यांची. मिलमध्ये रोल बसवायला आलेल्या इंजिनियरनं जाताना त्यांना दिली होती, आणि त्यांनी ती रश्मीला दिली होती. गडद निळा रंग, जोडांवर चकाकी, अजून आरशासारखी. रश्मी पदवीनंतर बी.एड.च्या कॉलेजात तिच्यावरूनच जायची. तपकिरी सायकल राजेशनं कुठल्याशा शौकिनाकडून आणली होती, वाढदिवसाची भेट म्हणून. तिला कुणीतरी ब्रशनं रंग फासला होता. चिखलात बुडवून काढल्यासारखी दिसत होती.

“हे इटलीची हाय म्हणते,” भाऊ माझ्याकडे बघत म्हणाले, म्हणजे जावयाला ऐकू जावं म्हणून. “मले तर म्युनिसिपालटीची वाटते.”

“पापाजी, असली है,” राजेश हळू आवाजात म्हणाला.

“तो काय म्हणते?”

“बाबा, तुमाले ऐकू आलं,” रश्मी म्हणाली. “काका, तुम्ही बघा. दोनों में से एकच नेता येईल. परवा निघायचं आहे.”

“परवा?” मी म्हटलं. “आणि आज आणून राहिली?”

“हेच ठरत नव्हतं ना, काका. घरात.” तिनं दोघांकडे न बघता सांगितलं.

तपकिरी आधी घेतली. दोरी लावली. अंतर सारखं. धुऱ्याचा उजवा आटा खूप जोर लावल्यावर सुटला, पण सुटला तो इटलीच्याच दिशेनं. राजेश माझ्या खांद्यावरून बघत होता.

“असली है ना, अंकल?”

“इटलीची आहे,” मी म्हटलं. “चांगली आहे की नाही ते अजून कळायचंय. हा रंग कुणी आणि कशासाठी दिला, ते मला माहीत नाही. रंग लपवायलाही देतात.”

भाऊ चहाच्या कपावर समाधानानं फुंकर मारत होते. “बघा बघा. नीट बघा. कायम बघतच आले तुम्ही.”

मग निळी स्टँडवर चढवली. दोरी सारखी. आटे बरोबर. पुढचं चाक धरणारा चिमटा सरळ. मीही मनातून सुटल्यासारखा झालो. म्हटलं, निळीच नेऊ दे, म्हातारा खूश होईल, घरात शांतता राहील. आणि उजेडासाठी टॉर्च खालच्या तिरप्या नळीवर धरला.

पुढच्या जोडाच्या मागे, जिथं कंपनीचा स्टिकर कधीतरी गेला असावा, तिथं नाव घातलं होतं. आपल्याकडे भांड्यांवर घालतात तसं, टिंबाटिंबांनी. ‘चि. रश्मी ता. गजभिये, बी.एस्सी. बाबांकडून.’

“हे कुठं घालून घेतलंत, भाऊ?”

“गोलबाजारात. भांड्याच्या दुकानात,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच सरळ झाला. “तिचा निकाल लागला ना, त्याच दिवशी. तो पोट्टा मशीन लावतो म्हणे, मी म्हटलं, मशीननं उथळ येते, मिटून जाईल. हातानं ठोक. हातोडी अन् पंच. चांगलं खोल ठोक म्हटलं, जन्मभर राहिलं पाहिजे.”

खोल ठोकलं होतं. पितळेच्या कळशीला ते काही होत नाही. पण ही नळी जोडापाशी जाड आणि पुढे पातळ. ‘चि. रश्मी’ जाड भागावर होतं. ‘बी.एस्सी.’ पातळ भागावर आलं होतं. आणि ‘बी’च्या वरून एक केसाएवढी रेघ निघून नळीच्या बाजूला उतरत होती.

रेघ रंगात होती. रंग तडकतो, त्यात काही विशेष नसतं. खाली लोखंड धड असू शकतं. डोळ्यांनी ते सांगता येत नाही.

मी टॉर्च बंद केला. रश्मी माझ्या समोरच्या बाजूला बसली होती, आणि मी टॉर्च का बंद केला हे तिला कळलं. गणित शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची पायरी दिसते.

“भाऊ,” मी म्हटलं, “मागच्या गल्लीत सकाळपासून ताजी जिलेबी मिळते. राजेशला घेऊन जाऊन या ना.”

“मले शुगर हाय.”

“मग नुसतं फिरून या.”

“काहून? मी इथी बसलो तर तुमचा हात थरथरते का?”

राजेश हसला. मी हसलो नाही, आणि भाऊंनी ते पाहिलं. कप खाली ठेवून ते उठून स्टँडपाशी आले.

“काय हाय ते बोल, मेश्राम.” साहेब गळून पडलं होतं.

“रंगाची रेघ असेल,” रश्मी घाईनं म्हणाली. “पुरानी है ना, बाबा. पेंट फटता है.”

“मी तुले नाही विचारलं, पोरी.”

“असेलही रंगाची,” मी म्हटलं. “तपासल्याशिवाय मी काही बोलत नाही. तुम्हांला माहीत आहे.”

“मग तपास.”

ही तपासणी सोपी आहे, आणि सोपी आहे म्हणूनच तिच्यापासून सुटका नाही. जिथं शंका असेल तिथला रंग खरवडायचा. लोखंड पुसून स्वच्छ करायचं. त्यावर लाल रंगाचं एक पातळ औषध फवारायचं आणि थांबायचं. भेग असेल तर ते तिच्यात शिरतं. मग वरचं लाल सगळं पुसून टाकायचं, काही शिल्लक ठेवायचं नाही, आणि वरून पांढरी पावडर फवारायची. लोखंड धड असलं तर पांढरं पांढरंच राहतं. भेग असली तर आत गेलेलं लाल पांढऱ्यावर उमटतं.

मी ‘बी.एस्सी.’भोवतीचा निळा रंग खरवडला. तो खरवडताना रश्मीनं मान वळवली. लाल फवारलं. मग थांबायची वेळ आली.

थांबताना माणसं काय बोलतात? राजेशनं विचारलं, घाटात नेटवर्क असतं का. भाऊंनी स्टँडवरच्या मागच्या चाकाला हलका धक्का दिला, ते टकटक करत फिरलं आणि थांबेपर्यंत सगळे त्याच्याकडे बघत राहिले. आतून बायकोनं विचारलं, चहा आणखी कुणाला?

“समज रेघ निघाली,” रश्मी हळूच मला म्हणाली. “तरी मी धीरे उतरली तर?”

“भेग वेग बघत नाही, बाळा. वळणावर ब्रेक दाबला की सगळा भार इथंच येतो.”

“मग मी ब्रेक कमी—”

“रश्मी.” भाऊ इतकंच म्हणाले.

मी लाल पुसलं. पुन्हा पुन्हा पुसलं, फडकं बदलून पुसलं. मिलमध्ये ज्याच्या हुकात भेग निघे तो माणूस समोर असला, तरी त्याची मुलगी समोर नसे. पांढरं फवारलं.

आधी टिंबं उमटली. लाल, बारीक, एकेक. खोल ठोकलेल्या खड्ड्यांत औषध राहिलंच होतं, ते अपेक्षित होतं. पांढऱ्यावर लाल टिंबांनी ‘बी.एस्सी.’ लिहिलं गेलं. क्षणभर ते सुंदर दिसलं. मग ‘बी’च्या टिंबांना जोडत एक रेघ आली. ती थांबली नाही. पुढच्या अक्षरातून गेली, नळीच्या कडेला वळली आणि खालच्या बाजूनं, जिथं टिंबं नव्हती, तिथंही पुढे जात राहिली.

मला बोलायची गरज पडली नाही. भाऊंनी आयुष्यभर माझ्या पांढऱ्यावर लाल बघितलं होतं, आणि दर वेळी वाद घातला होता. वाकून त्यांनी चष्मा वर केला, रेघेवर नख ठेवलं आणि रेघेच्या टोकापर्यंत नेलं.

“पंचानं फुटली,” ते म्हणाले.

“बाबा, तसं नाही. जुनी झाली होती.”

“मले नको शिकवू. गरम रोलावर कोणी पंच मारला तर मीच त्याले शिव्या देत होतो.” ते सरळ झाले. “मेश्राम, करवत दे.”

“भाऊ, कापायची गरज नाही,” मी म्हटलं. “पट्टा मारून देतो. भिंतीवर लावा. लोक लावतात.”

“भिंतीवरून हे खाली काढते. तुले माहीत नाही, हिची आदत मले माहीत हाय. आज नाही काढणार. मी गेल्यावर काढन. माह्या आठवणीत एक चक्कर मारू म्हणन.”

रश्मीचा चेहरा असा झाला की ते खरं आहे हे मला कळलं. तिनं तेच मनात ठरवलं होतं.

“माझं नाव आहे तिच्यावर, बाबा.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाचं असतं तर मेश्रामले पट्टा मारायले सांगितला असता.”

मी करवत दिली. माझ्याकडे विजेचं कटर आहे, ते मी काढलं नाही. का, ते सांगता येत नाही. आम्ही फक्त नळ्यांचा सांगाडा उरेपर्यंत सायकल सोडवली. सीट, हँडल, गियर, चाकं बाजूला काढली. रश्मीनं पॅडलं स्वतः काढली आणि फाटकापर्यंत जाऊन परत आली.

भाऊंनी भेगेवरच करवत ठेवली. पातं नवं होतं, पण फ्रेम हलायला लागली आणि त्यांचे हात लवकर थकले. राजेश पुढे झाला, पण करवतीला त्यानं हात लावला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं सांगाड्याचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

“कस के पकड,” भाऊ म्हणाले. मधे कुणीही नव्हतं.

“हव, पापाजी.”

नळी तुटली तेव्हा फारसा आवाज झाला नाही. कापलेलं टोक मी उजेडात धरलं. कापलेला भाग चमकत होता. त्याच्या बाजूला भेगेचा भाग होता, तपकिरी, गंजलेला. भेग कालची नव्हती. रश्मी तिच्यावरून कॉलेजातून किती वेळा घरी आली होती, हे त्या गंजाकडे बघताना माझ्या मनात आलं, आणि भाऊंच्याही आलं असावं, कारण ते खुर्चीवर जाऊन बसले आणि काही वेळ नुसते हातांकडे बघत राहिले.

मला वाटलं, संपलं. उठून हात धुवायला निघालो.

“कुठं चालला?” भाऊ म्हणाले. “आता ते बघ.” त्यांनी तपकिरीकडे बोट दाखवलं. “नाही म्हणता येते तुले, हे सगळ्या मिलले माहीत हाय. आता हो म्हण. पोरगी तिच्यावर जाईल. तू म्हणशील तर जाईल.”

हे मला टाळता आलं असतं. आजवर मी नेहमी तेच केलं होतं. ‘माझ्या नजरेला काही दिसत नाही, पुढे तुमची जबाबदारी’ असं म्हणून मोकळं होता येतं, आणि बहुतेक वेळा मी तसंच म्हणतो. त्या दिवशी तसं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तपकिरीचा पुढचा चिमटा बाहेर काढला. सगळे जोड खरवडले. त्या घाणेरड्या रंगाखाली जुना लाल रंग निघाला, आणि त्याखाली इतका सफाईदार जोड, की नळ्या जोडताना भरलेलं पितळ कुठं संपतं आणि कुठं लोखंड सुरू होतं हे बोटाला कळत नव्हतं. जोडानंतर जोड औषध, पुसणं, पांढरं. प्रत्येक वेळी चौघे वाकून बघत होतो. पांढरं पांढरंच राहिलं. पण लाल उमटलं नाही म्हणजे भेग नाही, असं शंभर टक्के कधी म्हणता येत नाही. मी जिथं बघितलं तिथं नाही, एवढंच म्हणता येतं. दुपार टळेपर्यंत मी बघितलं. मग बघायला जागाच उरली नाही.

“हो,” मी म्हटलं. “ही ने.”

रश्मीनं मान हलवली. निळीची सीट तिनं तपकिरीला बसवून घेतली, ती तिच्या मापाची होती.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. झोपेत मला ते जोड दिसायचे. एक जोड आपण खालून बघितलाच नाही, असं वाटून मी उठून बसायचो. बायको म्हणाली, “काहून असे करून राहिले? फोन करा आणि सांगा, नको जाऊ.” फोन मी केला नाही. तपासणी नीट झाली होती. तिच्यावर विश्वास नसेल तर मग इतकी वर्षं मी काय केलं?

घाट उतरायच्या दिवशी सकाळी गजभियेभाऊ आले. इस्त्रीचा शर्ट. हातात फोन. जय भीम झालं. कशाला आलात असं मी विचारलं नाही, आणि त्यांनीही काही निमित्त सांगितलं नाही. खुर्ची ओढून बसले. राजेश गटामागून गाडी घेऊन होता, पण घाटात त्याचा फोन लागत नव्हता. भाऊ रश्मीला फोन करत नव्हते. उतारावर माणसाचा फोन वाजू नये म्हणून.

मी एका चाकाच्या तारा कसायला घेतल्या. कसल्या, आणि पुन्हा सैल केल्या. भाऊंनी ते बघितलं, पण टोमणा मारला नाही. यावरून मला त्यांची अवस्था कळली. बाहेर भाजीवाला येऊन गेला. बायकोनं पोह्यांच्या बशा आणून ठेवल्या, त्यांच्यावर माशी बसायला लागली.

“उजवीकडचा ब्रेक जरा ढिला होता,” भाऊ एकदम म्हणाले.

“मी घट्ट केला.”

“पाहिलं होतं मी. तरी म्हणतो.”

फोन वाजला तेव्हा दोघेही दचकलो. भाऊंनी तो कानाला लावताना उलटा धरला, मग सरळ केला.

“बोल.”

तिचा आवाज मलाही ऐकू येत होता, वाऱ्यात, धापा टाकत. “उतरले, बाबा. खाली आहोत. सब उतर गये.”

“हँडल कापत होतं का?”

“नाही.”

“ब्रेक?”

“बराबर लागले. बाबा, ती रेल्वेसारखी जाते. हलतच नाही.”

भाऊंनी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मी चाकाकडे बघू लागलो. पलीकडून ‘बाबा? बाबा?’ असं चाललं होतं.

“हाव, ऐकून राहिलो,” शेवटी ते म्हणाले. “साहूले दे फोन.”

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. पलीकडेही तसंच वाटलं असावं, कारण जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग राजेशचा आवाज. “जी, पापाजी?”

“गाडी अच्छी लाए, बेटा,” भाऊ म्हणाले. “अब पहले उसको कुछ खिला. मेरे से बाद में बात करना.”